बनवणारा मागे बसतो

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी धुळ्याला देवपुरातल्या घरासमोर दोन सायकली उभ्या होत्या. दोन्ही विजेवर चालणाऱ्या, दोन्ही कोऱ्या, आणि त्यातली एकच घरची होती.

घरची ती अनेर. हेमांगीनं ती आदल्या दिवशी जळगावच्या कारखान्यातून टेम्पोत घालून आणली होती. हिरवी, रुंद हँडलची, मागे लांब कॅरिअर असलेली. दुसरी काळी, सडपातळ, चकचकीत. तिला कॅरिअर नव्हतं. नाशिकच्या एका व्यापाऱ्याकडून ललितनं ती नमुना म्हणून आणली होती. तिच्या दांडीवर नावाची जागा मोकळी होती. ज्यानं माल घेतला त्यानं आपलं नाव चिकटवावं, अशी सोय.

प्रेमराज ओट्यावर बसून आंबे पिळत होता. आखाजीचा रस घरातल्या पुरुषानं काढायचा, ही त्याच्या वडिलांनी, आबांनी घालून दिलेली रीत. कारखान्याचा मालक झाल्यावरही प्रेमराजची त्यातून सुटका झाली नव्हती. आज ते बरंच होतं. हात आमरसात असले की कोणाकडे बघावं लागत नाही.

"नाना, मी स्पष्टच बोलतो," ललित म्हणाला. प्रेमराजच्या धाकट्या, दिवंगत भावाचा हा मुलगा. घरच्या पांझरा सायकल कंपनीची विक्री तो बघायचा. "कारखान्याला टाळं लावा असं मी म्हणत नाही. दुरुस्ती चालू राहील, सुटे भाग राहतील. फक्त सांगाडा आपण बनवायचा नाही. सायकल बाहेरून आणायची, नाव पांझराचं लावायचं. तो नाशिकचा माणूस आज संध्याकाळी फोन करणार आहे."

"म्हणजे वेल्डिंगची माणसं घरी," प्रेमराजची मुलगी हेमांगी म्हणाली.

"मी असं म्हटलं?"

"सांगाडा बनवायचा नाही म्हटल्यावर ती काय जोडतील दादा, हात?"

"हे बघा. मी धंद्याचं बोलतो, ही टोमणे मारते."

"तू त्या काळीला कॅरिअर लाव, मी टोमणे बंद करते."

"कॉलेजच्या पोरांना कॅरिअर नकोच असतं, हेमा. त्यांना पुढे स्क्रीन लागते, रंग लागतो. तुझ्या अनेरचा रंग बघितला? एसटी डेपोत निमआराम गाडीचा राहिलेला डबा घेऊन मारल्यासारखा."

स्वयंपाकघरातून कोणीतरी हसलं. हेमांगीही हसली असती, पण तिचं लक्ष वडिलांकडे होतं. पांझरा आबांच्या काळची साधी सायकल, तिच्यावर प्रेमराजनं मोटर चढवली. गिरणा हेमांगीनं आखलेली पहिली. आणि आता ही अनेर. नद्यांची नावं देण्याची कल्पना प्रेमराजचीच. गिरणा बाजारात आली तेव्हा त्यानं कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले होते.

आंब्याची कोय ताटात टाकून प्रेमराज म्हणाला, "मला ललितचं पटतं."

हेमांगीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"नाना?"

"पटतं म्हणालो. आणखी एक गिरणा मला झेपणार नाही."

गिरणाच्या कॅरिअरवर 'फक्त सामानासाठी' असं छापलेलं होतं. खानदेशात कॅरिअरवर माणूस बसतो, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तसं छापलं, कारण बॅटरी कॅरिअरखाली बसवली होती आणि त्या जागी माणसाचं वजन पेललं नसतं. लोकांनी छापलेलं वाचलं आणि बायकोला मागे बसवलं. शिंदखेड्यापासून चोपड्यापर्यंत कॅरिअर तडकली. कोणाला मोठी इजा झाली नाही हे नशीब. प्रेमराजनं विकलेली प्रत्येक गिरणा परत बोलावली आणि त्यानंतर कारखान्यात पेढे आले नाहीत.

"अनेर वेगळी आहे," हेमांगी म्हणाली. "बॅटरी सांगाड्याच्या नळीत घेतलीय. कॅरिअर बोल्टानं जोडलेलं नाही, सांगाड्यातूनच पुढे आलंय. यंत्रावर तपासलंय, नाना. रिपोर्ट तुम्ही बघितलाय."

"गिरणाचाही बघितला होता."

*

दिपमाला खापरावर मांडे टाकत होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं.

मुलाला तिनं काल शब्द दिला होता. 'आई, तू फक्त माझ्या बाजूनं बोल, नाना तयार होतील,' ललित म्हणाला होता, आणि तिनं मान हलवली होती. त्यात मन मारण्यासारखं काही नव्हतं. नवरा गेल्यापासून आग्रा रोडचं सायकलचं दुकान तिनं एकटीनं चालवलं होतं. गिरणाच्या वेळी गिऱ्हाइकांच्या शिव्या जळगावच्या कारखान्यानं खाल्ल्या नाहीत, तिनं खाल्ल्या. दोंडाईचाच्या बेबाबाईनं तडकलेलं कॅरिअर दुकानात आणून गल्ल्यावर आपटलं होतं. 'तुमचा मालक बायकोले डोक्यावर बठाडस का?' असं विचारलं होतं. शेजारच्या कापड दुकानातली माणसं हसत बाहेर आली होती.

हात पुसून ती ओट्यावर आली.

"काकू, तुम्ही सांगा," हेमांगी म्हणाली.

"मी ललितसोबत आहे," दिपमाला म्हणाली, आणि मुलाचा चेहरा खुललेला तिनं पाहिला. मग ती काळ्या सायकलीजवळ गेली. मागच्या चाकाशी वाकली. जोड जिथे येतो तिथे बोट फिरवलं. "छान आहे. ललित, हे इथे तुटलं तर?"

"तुटणार नाही."

"तुटलं तर, म्हणते मी. गिऱ्हाईक माझ्याकडे येईल. मी कोणाकडे जाऊ?"

"नाशिकला कळवायचं. ते दिल्लीला कळवतात. तिथून पुढे कंपनीला."

"कंपनी कुठे आहे?"

ललित अडखळला. "बाहेर."

"बाहेर म्हणजे देवपुराच्या बाहेर का देशाच्या?"

"आई, तू माझ्या बाजूनं बोलणार होतीस."

"तुझ्याच बाजूनं बोलतेय. गल्ल्यावर तू बसत नाहीस, मी बसते. गिरणा तुटली तेव्हा मी हेमाला फोन लावून शिव्या दिल्या. पोटभर दिल्या. दुसऱ्या दिवशी ही दुकानात हजर होती, ट्रक घेऊन. इथे मी शिव्या कोणाला देऊ?"

ललितनं नानांकडे पाहिलं. नानांनी नवा आंबा घेतला.

ओट्याच्या कोपऱ्यात, लोखंडी खुर्चीत बसलेले झुलाल आबा इतका वेळ समोरच्या कडुलिंबाला बांधलेल्या झोक्याकडे बघत होते. माहेरी आलेल्या शेजारच्या पोरी झोके घेत होत्या. आबांचं सगळं आयुष्य सायकलीत गेलं होतं आणि आता गुडघे सायकलवर बसू देत नव्हते.

"लळिंग कवय जानं शे?" लळिंगला कधी जायचं, असं त्यांनी विचारलं.

प्रेमराजनं आणखी एक कोय ताटात टाकली.

"बठ्ठा बहिरा व्हयी ग्यात का? आखाजी शे. नवी गाडी शे. लळिंगना चढ कोन चढी?"

लळिंगच्या किल्ल्याजवळचा हा चढ घरातल्या सगळ्यांना पाठ होता. आबांनी स्वतःच्या हातानं पहिला सांगाडा जोडला तेव्हा त्यांचे मेहुणे कौतिकमामा त्याला भंगार म्हणाले होते. आबा म्हणाले, मग तूच चालव, मी मागे बसतो. मोडली तर दोघंही पडू. त्या आखाजीला कौतिकमामांनी आबांना मागे घेऊन लळिंगचा चढ चढला आणि वर पोचल्यावर तीच सायकल विकत मागितली. तेव्हापासून नियम झाला. बनवणारा मागे बसतो. नाही म्हणणारा चालवतो. मागे बसणाऱ्यानं वाटेत एक शब्द बोलायचा नाही, कारण गिऱ्हाइकाच्या मागे बनवणारा बसून सूचना देत नसतो. चालवणाऱ्याचा पाय जमिनीला टेकला की सायकल नापास.

गिरणाच्या वर्षी आबा दवाखान्यात होते. कॅरिअर सामानासाठीच आहे तर माणूस कशाला बसवायचा, असं म्हणून प्रेमराजनं सरकीचं पोतं बांधलं होतं. पोतं वर पोचलं. पोत्यानं बूड हलवलं नाही, खड्ड्यावर उडी मारली नाही, वळणावर एका बाजूला झुकलं नाही.

"आबा, ती जुन्या काळची गोष्ट," ललित म्हणाला. "विजेच्या सायकलीला चढ कसला?"

"मंग तुले भ्या कसानं वाटस?"

"भ्या नाही. पण काळीचं काय? तिलाही चढवायची?"

आबांनी काळ्या सायकलीकडे मान वळवली. बराच वेळ बघत राहिले. "देखनी शे. पन बनाडनारा कोठे बठी?"

"तो तर आलेलाच नाही," दिपमाला म्हणाली.

प्रेमराजनं हातातला आंबा तसाच धरला होता. "मी चालवतो," तो म्हणाला. "मी नाही म्हणतोय ना."

"तू बाप शे," आबा म्हणाले. "तू पोरगीना करता फेफडा फाडी लेशी. ललित चालाडी."

सगळे ललितकडे बघायला लागले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पाय टेकला तर आज संध्याकाळी मी होकार देणार. मान्य?"

"मान्य," हेमांगी म्हणाली. वडिलांनी तोंड उघडायच्या आत.

"जेवण करीसन निघा," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक काय पहाटले उठीसन चढ चढत नही."

*

ऊन पार डोक्यावर आल्यावर ते लळिंगच्या पायथ्याला पोचले. चौपदरी रस्ता झाल्यापासून जुना घाटरस्ता गावच्या वापरापुरता उरला होता. अनेर टेम्पोतून उतरवली. आबा पुढच्या सीटवर ड्रायव्हिंगला बसलेल्या प्रेमराजशेजारी, दिपमाला मागे.

"रस किती खाधा रे?" आबांनी खिडकीतून विचारलं.

"तीन वाट्या," ललित म्हणाला. "आणि मांडे आईनं वाढले तेवढे."

"चांगलं शे. गिऱ्हाईक बी खाईसनच निंघस."

हेमांगी कॅरिअरवर बसली. दोन्ही पाय एका बाजूला, जशा बायका बसतात तशी. ललितनं वळून पाहिलं. "पाय दोन्हीकडे टाक. सोपं जाईल."

"गिऱ्हाइकाची बायको साडीत असते."

"आता गप्प. नियम."

ती गप्प झाली.

निघाले आणि लगेच मागे बँड वाजला. आखाजीचा मुहूर्त कोणी सोडत नाही. लळिंग गावातल्या लग्नाची वरात फाट्यावरून जुन्या रस्त्यावर वळली आणि टेम्पोच्या पुढे आली. आधी घोडा, मग बँडवाले, मग नाचणारे. प्रेमराजनं एकदा हॉर्न दिला. वरातीतला एक पाहुणा त्या हॉर्नच्या तालावर नाचायला लागला.

"झालं," दिपमाला म्हणाली. "आता आपल्याला ते दिसत नाहीत."

प्रेमराज खाली उतरून टाचा उंचावून बघत होता. पहिल्या वळणावर हिरवा रंग क्षणभर दिसला आणि डोंगरामागे गेला. त्याच्या लक्षात आलं, सायकल वर पोचावी असं आपल्याला वाटतंय. सकाळी मात्र आपण याच्या उलट बोललो होतो. गाडीत परत बसताना आबा त्याच्याकडे बघत होते, म्हणून त्यानं विनाकारण आरसा नीट केला.

*

पहिल्या वळणापर्यंत ललितला काहीच करावं लागलं नाही. मोटर ओढत होती. पायडलवर पाय नुसते ठेवायचे. मागे माणूस आहे हे सांगाड्याला कळत नव्हतं. गिरणा अशा वेळी शेपूट हलवायची, ही सरळ जात होती. त्यानं मुद्दाम एक खड्डा घेतला. मागून हेमांगीचा श्वास अडकल्याचा आवाज आला. कॅरिअरचा आवाज आला नाही.

दुसऱ्या वळणानंतर चढ उभा झाला. डांबर तापून मऊ पडलं होतं. ललितला जाणवलं, ओढ कमी होतेय. गती उतरत होती. मोटर तापली.

गिरणाची मोटर तापली की एकदम बंद पडायची. जणू मागून कोणी हात काढून घेतला. मग पाय टेकवावाच लागायचा. ललितनं डावा पाय पायडलवरून सैल केला. एकदा टेकवला की संपलं. मागे रस्त्यावर कोणी नव्हतं. पुढेही कोणी नव्हतं. फक्त किल्ल्याचा कातळ आणि निवडुंग.

हेमांगीला तो सैल पाय दिसला.

तिला सांगायचं होतं की ही बंद पडणार नाही. आम्ही तसं केलेलंच नाही. तापली की थोडा जोर काढून घेते, मग आणखी थोडा, आणि उरलेलं तुझ्याकडे मागते. तू फक्त मार पायडल. जळगावात तिनं हे कारखान्याच्या आवारात, मेहरुणच्या रस्त्यावर, उन्हात कितीदा करून पाहिलं होतं. पण तेव्हा चालवणारी तीच होती आणि तिला पुढे काय होणार हे माहीत होतं. न सांगता हे कोणाला कळतं का, एवढंच तपासायचं राहिलं होतं. तिनं ओठ मिटले आणि कॅरिअरची कड घट्ट धरली. कड गरम होती.

गती आणखी उतरली. पुढचं चाक किंचित डगमगलं.

ललितच्या उजव्या पायानं पायडल दाबलं. त्यानं ठरवून दाबलं नव्हतं. सायकल डगमगली की पाय चालतो. हे त्याला वडिलांनी पांझरेच्या काठी शिकवलं होतं आणि नंतर कधी शिकावं लागलं नव्हतं. पायडल दाबलं तशी मोटरनं साथ दिली. सोडलं तशी ढिली पडली. पुन्हा दाबलं. पुन्हा साथ. सैल झालेला डावा पाय आपोआप जागेवर आला.

"च्यायला," तो म्हणाला.

त्यानं पायडल सोडून पुन्हा दाबून पाहिलं.

"ही बंद नाही पडत?"

मागून उत्तर येणार नव्हतं.

"बोल की!" मग त्याचं त्यालाच हसू आलं आणि हसण्यात दम गेला. तीन वाट्या रस पोटात हिंदकळत होता. घाम डोळ्यांत उतरला. चालत्या माणसाच्या गतीनं, पण न थांबता, सायकल वर सरकत होती. शेवटच्या टप्प्यावर रस्त्यात एक शेळी बसली होती. शेळीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि उठायचं काही कारण नाही असं ठरवलं. ललितनं हँडल वळवलं, अनेर शेळीच्या शेपटाला वळसा घालून गेली.

वरती चहाच्या टपरीच्या सावलीत त्यानं ब्रेक दाबले.

*

वरातीतून सुटून टेम्पो वर आला तेव्हा दोघंही टपरीच्या बाकावर बसलेले होते. दोघांमध्ये पाण्याचा जग. हेमांगीच्या कपड्यांना धूळ, ललितचा सदरा अंगाला चिकटलेला. दोघांचे चेहरे उन्हानं इतके लाल झाले होते की त्यावरून काही वाचता येत नव्हतं.

प्रेमराज आधी सायकलीकडे गेला. कॅरिअरच्या जोडाला हात लावला. मग सगळ्या जोडांना लावला. मग मुलीकडे बघितलं. ती अजून गप्प होती, कारण आबांनी निकाल दिला नव्हता.

आबा दिपमालाचा हात धरून टेम्पोतून उतरले आणि ललितसमोर येऊन उभे राहिले.

"पाय टेकना का रे?"

ललितनं पाणी प्यायलं. तो 'हो' म्हणाला असता तर कोणी विचारलं नसतं. हेमांगी म्हणाली असती खोटं आहे, तर तो म्हणाला असता तुला कसं दिसणार, तू मागे होतीस. खिशात फोन होता. संध्याकाळ व्हायची होती. दिपमाला मुलाकडे बघत होती. तिला त्याचा बाप आठवत होता आणि ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"नही टेकना, आबा," ललित म्हणाला. "मधे एकदा टेकवणार होतो. गरज पडली नही."

आबांनी मान हलवली आणि टपरीवाल्याला पाच चहा सांगितले. एवढाच निकाल.

प्रेमराज बाकावर बसला. कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, आणि ते पुसणं जरा जास्त वेळ चाललं. मग म्हणाला, "उद्या वेल्डिंगवाल्यांना पेढे न्यायचे. दिपमाला, चांगल्या दुकानातले घे."

"घेते की."

"आता बोलू?" हेमांगीनं विचारलं.

"थांब, आधी मी," ललित म्हणाला. "सीट दगड आहे. घंटी फार तर मागे बसलेल्याला ऐकू जाईल, बैलाला नाही. पुढे बॅटरी किती उरली ते दिसत नाही. मला स्क्रीन पाहिजे. कॉलेजच्या पोरांसाठी एक वेगळी, हलकी, हिच्याच सांगाड्यावरची."

"कॅरिअर काढून?"

"कॅरिअर राहू दे. पोरं मैत्रिणीला कुठे बसवतील? आणि रंग मी ठरवणार. यात चर्चा नाही."

"हिरवा चांगला आहे."

"हिरवा एसटीचा आहे."

"दादा," ती आवाज खाली आणून म्हणाली, "टेकला म्हणाला असतास तर?"

"तर काळी विकली असती. आणि प्रत्येक वेळी विकताना तू मागे गप्प बसलेली दिसली असतीस." त्यानं फोन काढला. "त्या माणसाला नाही कळवतो. नमुना परत कसा पाठवायचा तेवढं बघ, टेम्पो तुझा आहे."

चहा झाला. आबा आणि दिपमाला टेम्पोत बसले. प्रेमराजनं अनेरचा पाठीमागचा दिवा चालू आहे का बघितला, मग उगाच दुसऱ्यांदा बघितला.

"चढवा वर," तो म्हणाला.

"नको, उतरत जातो," ललित म्हणाला. तो सायकलीकडे गेला आणि हँडल हेमांगीच्या हातात देऊन स्वतः कॅरिअरवर बसला. दोन्ही पाय एका बाजूला.

हेमांगीनं वळून पाहिलं. "तू मागे का?"

"स्क्रीन, रंग, सीट. बनवणाऱ्यात धर मला."

"मग बोलायचं नाही."

ती सीटवर बसली. सीट खरोखरच दगड होती. शेळी अजून तिथेच होती. अनेर तिला वळसा घालून खाली निघाली. टेम्पो मागे हळूहळू येत राहिला. दोन्ही वळणं गेली, निवडुंग गेला, वरातीनं सांडलेली फुलं गेली. ललित नियमानं गप्प होता. रस्ता सपाट झाला आणि पहिलं घर लागलं, तेव्हा मागून आवाज आला.

"निळा."